पिसांची तहान

तिसऱ्या फटक्याला पीस तुटलं. व्हिडिओ कॉलवर मला ते तुटताना दिसलं नाही, नुसता आवाज आला. कट्. वाळकी काडी मोडावी तसा. मग भालेराव सरांनी ते शटल कॅमेऱ्यासमोर धरलं.

"मॅडम, बघा. तीन फटके."

"दुसरं घेऊन बघा ना, सर."

"हे पाचवं आहे. दुसरं कधीच मोडलं."

भालेराव सर नाशिकला बॅडमिंटन शिकवतात आणि दर हिवाळ्यात एक स्पर्धा भरवतात. त्या स्पर्धेची शटलं भिवंडीजवळच्या आमच्या काल्हेरच्या गोदामातून जाणार होती. त्यांच्या हातात होती ती सॅम्पलची ट्यूब. बाकीचा लॉट आमच्या रॅकवर, सील होऊन तयार. मी या गोदामात क्वालिटी बघते. म्हणजे माल गेटबाहेर पडण्याआधी त्याला नावं ठेवणं हे माझं काम, आणि ते मी मनापासून करते. पण हा लॉट दिवाळीआधी तपासला तेव्हा नावं ठेवायला जागाच नव्हती. फुलासारखी शटलं होती. आपल्याकडे शटलला फूल म्हणतात ते काही उगाच नाही.

"शुक्रवारी लॉट घेऊन या," भालेराव सर म्हणाले. "हॉलमध्ये माझ्या हाताने टेस्ट घेतो. पास झाला तर ठेवतो. नाहीतर त्याच गाडीने परत. पोरं वर्षभर घाम गाळतात हो. फायनलला असली फुलं दिली तर शिव्या मला बसतील."

फोन ठेवला आणि मागे वळले तर आमचे मॅनेजर पाटील सर कमरेवर हात ठेवून उभे. पाटील सर काल्हेरचेच. वीसेक वर्षं कापडाच्या गोदामात काढून इकडे आले. माणूस मनाने चांगला, पण एकदा पावसाळ्यात पत्रा गळून त्यांच्या कापडाच्या गाठी कुजल्या होत्या, तेव्हापासून ओल या गोष्टीशी त्यांचं वैर आहे. ओल शोषून घेणाऱ्या त्या छोट्या पांढऱ्या पुड्या असतात ना, बुटाच्या खोक्यात निघतात त्या, त्यांच्या डब्याच्या पिशवीतसुद्धा एक असते.

"मी तुमाला कवापासून सांगतोय मॅडम, नायलॉनचा माल आणा," ते म्हणाले. "त्याला ना फुंकर मारावी लागत ना वजन बघावं लागत. हा लॉट परत आला ना, तर सोमवारपासून पिसांचं टेबल बंद. वरून तसाच निरोप आलाय. माज्या हातात काय नाय."

पिसांचं टेबल म्हणजे काय ते सांगते. एका शटलला सोळा पिसं असतात, पाळीव हंसाच्या किंवा बदकाच्या पंखाची. आणि गंमत अशी की सोळाच्या सोळा एकाच बाजूच्या पंखाची लागतात. सगळी डाव्या पंखाची, नाहीतर सगळी उजव्या. डाव्या-उजव्याची मिसळ केली तर शटल हवेत सरळ फिरत नाही, भेलकांडतं. आमच्याकडे तयार शटलं पोत्याने येतात. टेबलावर बसलेल्या बायका एकेक शटल उचलतात, त्यावर फुंकर मारून फिरवून बघतात, तराजूवर ठेवतात आणि सारख्या वजनाची एका ट्यूबमध्ये भरतात. सहा बायका आहेत, सगळ्या पडघ्याच्या पलीकडच्या डोंगरपाड्यांवरच्या.

त्यातली मंजी टेबलाच्या कडेला बसते. वारली घरातली, माझ्याहून लहान, बोलायला चुणचुणीत. पाटील सरांचं बोलणं तिने ऐकलं होतं. तिच्या हातातलं शटल तसंच राहिलं.

"म्याडम, टेबल खरंच बंद व्हायचा हाय?"

"अजून नाही."

"शुक्रवारी मुकादमाची गाडी हाय," ती म्हणाली. "वीटभट्टीची. पडघा नाक्यावरून दुपारची सुटते. माजा नवरा जागा धराया फुडं गेला. भट्टीवर जोडीच घेतात. मी न्हाय गेले तं मुकादम त्याला पन परत धाडंल. टेबल चालू असला तं परत आला तरी चालंल, हमालीला हितंच येईल. पन टेबल बंद आनि भट्टी पन गेली, मंग कं करू?"

"आणि पोरगी?"

"ती दुसरीला हाय. भट्टीवर गेली का शाळा सुटली तिची. थोरलीची तशीच सुटली." एवढं बोलून तिने हातातल्या शटलवर फुंकर मारली. ते टेबलावर गरकन फिरलं.

रॅकवरचा सील केलेला लॉट मी अजून उघडून बघितला नव्हता.

मी शिडी लावून वरच्या रॅकवर चढले. दिवाळीनंतर रॅकची नवी मांडणी झाली होती आणि पिसांचा लॉट सगळ्यात वर, पत्र्याच्या लगत गेला होता. बाहेर हिवाळा असला तरी दुपारचा पत्रा तापतोच. वर नुसती कोरडी धग होती. एक ट्यूब उघडली. शटलांच्या डोक्यावर पाटील सरांची पांढरी पुडी. दुसरी उघडली. तिच्यातही पुडी.

"सर, या पुड्या प्रत्येक ट्यूबमध्ये टाकल्यात?"

"मग? माल कोरडा नको? पाखराचं पीस हाय, बुरशी धरली तर?" खालून उत्तर आलं.

मी एक शटल काढून पिसाच्या टोकाला हलकं वाकवलं. कट्. त्याच क्षणी मला माझे बाबा आठवले. आश्चर्य वाटेल, पण तो आवाज मी लहानपणापासून ओळखते.

बाबा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, जॉबर होते. जॉबर म्हणजे बिघडलेला लूम ठीक करणारा. आमच्या बुद्धवाड्यापासून अन्सारीचाचांचा लूमचा कारखाना हाकेच्या अंतरावर. मी शाळेतून आले की बाबांचा डबा घेऊन जायचे. थंडीत कोरडं वारं सुटलं की ताण्याचा धागा असाच तुटायचा. कट्. एक धागा तुटला की लूम थांबायचा. मग चाचा ओरडायचे, "अरे पानी मारो!" आणि कोणीतरी बादलीने जमिनीवर पाणी शिंपडायचं. खिडक्यांना ओली गोणपाटं लटकवायची. थोड्या वेळाने हवा जड व्हायची, धागा मऊ व्हायचा आणि खडखडाट पुन्हा सुरू. सगळी भिवंडी ओलीला घाबरते असं नाही. गोदामवाले ओलीला घाबरतात आणि लूमवाले कोरडेपणाला. पाटील सर पहिल्या भिवंडीतले. मी दुसरीतली.

मी शिडीवरून उतरले. "सर, माल खराब नाहीये. त्याला तहान लागलीये."

पाटील सरांनी माझ्याकडे नीट बघितलं. "मॅडम, पराचा कावळा ऐकला होता. पराला तहान लागलेली पयल्यांदा ऐकतोय."

"पिसात थोडी ओल असली तर ते लवचीक राहतं. आपण त्यातली सगळी ओल काढून घेतली. आता परत द्यायची, बस्स. लॉट मला शुक्रवारपर्यंत बाहेर न्यायचाय."

"कुठं?"

"लूमच्या कारखान्यात."

"आनि तिथं भिजून त्याचा लगदा झाला तर?"

"तर टेबल तसंही बंदच होतंय, सर."

त्यांनी मग टेबलाकडे एकदा बघितलं आणि गेटपासवर सही केली. जाताना म्हणाले, "तुमाला पिसं लागलंय मॅडम." माझी आई पण हेच म्हणते. पिसं लागणं म्हणजे वेड लागणं, हे त्या दोघांनाही वेगळं शिकवावं लागलं नाही.

अन्सारीचाचा आता म्हातारे झालेत. निम्मे लूम भंगारात गेले, निम्मे चालू आहेत. टेम्पो दारात उभा केला तेव्हा ते खाटेवर बसून चहा पीत होते.

"साळवे की बेटी! अब्बा कैसे हैं?"

"बरे आहेत, चाचा. कमी ऐकू येतं."

"हमको भी. लूम ने सबके कान खाए." मग ट्यूब हातात घेऊन शटल बाहेर काढलं. "ये क्या, चिड़िया?"

मी सगळं सांगितलं. चाचा हसले. "पर को पानी चाहिए, ये तो परिंदा भी जानता है. लेकिन बेटा, यहाँ रुई उड़ती है. तुम्हारा सफेद माल गंदा होगा."

हे खरं होतं. लूमच्या कारखान्यात कापसाचे तंतू सतत हवेत तरंगत असतात. मग चाचांनीच तोड काढली. ग्रे कापडाचे तागे काढले. ग्रे म्हणजे लूमवरून उतरलेलं, न धुतलेलं, न रंगवलेलं कोरं कापड. ट्यूबांची दोन्ही तोंडं उघडून आम्ही त्या बंद पडलेल्या लूमांवर मांडल्या आणि वरून ते कापड पांघरलं. मंजी आणि टेबलावरच्या बाकीच्या बायका मदतीला आल्या होत्या. पांढऱ्या पुड्या वेचून काढताना मंजी त्यांना शिव्या देत होती. त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

पाणी मारलं, गोणपाटं ओली केली. मग करण्यासारखं काही उरलं नाही. मी उंबऱ्यापाशी स्टूल टाकून बसले.

ते दोन दिवस मला अजून स्वप्नात पाहिल्यासारखे आठवतात. वरच्या काचेतून उजेडाचा एक पट्टा उतरायचा आणि त्यात रुईचे कण खालीवर करत राहायचे. ओल्या जमिनीचा वास. चालू लूमांचा खडखडाट एकसारखा, इतका की थोड्या वेळाने तो ऐकूच येईनासा होतो. कापडाखाली हजारो पिसं हळूहळू पाणी पीत होती आणि त्याचा काहीही आवाज होत नव्हता. ज्या हंसांची ती पिसं होती ते कुठल्या तळ्यावर वाढले असतील कोण जाणे. पाळलेला हंस जाडजूड, त्याला धड उडता येत नाही. उडायचं ते त्याच्या पिसांनी, तेही मागाहून, नाशिकच्या एका हॉलमध्ये. मला त्या हंसांची दया आली आणि थोडा हेवाही वाटला.

मंजी दुपारी माझ्याशेजारी येऊन बसली. तिला मी विचारलं, तुमच्याकडे पिसांचं काय काय करतात?

"लय कं कं," ती म्हणाली. "पोराला खरूज झाली का कोंबरीच्या पिसानं तेल लावायचा. बोटानं लावला तं झोंबतो, पिसानं न्हाय. कानात खाज आली का पीस. भगताकडं मोरपिसांचा कुंचा हाय. पोर दचकून रडाया लागली का तो कुंचा अंगावरून फिरवतो."

"मग थांबतं रडणं?"

"गुदगुल्या होतात ना. हसाया लागतात."

चाचा खाटेवरून म्हणाले, "दरगाह में भी मोरपंख सिर पे फेरते हैं. मैं छोटा था तो उसी के लिए जाता था. दुआ-वुआ कुछ समझती नहीं थी, ठंडा लगता था बस."

मला बाबांचं पीस आठवलं. लूमच्या ज्या फटीत तेलाच्या डब्याची चोच जात नाही तिथे ते कावळ्याच्या पिसाने तेल सोडायचे. ते पीस त्यांच्या हत्यारांच्या पेटीत पान्याशेजारी, कापडात गुंडाळून असायचं. पान्याला कधी कापड नव्हतं. आपण हलक्या गोष्टीला पिसासारखी हलकी म्हणतो, कुणाचा मान वाढला की शिरपेचात तुरा आला म्हणतो, मोराच्या गळ्याच्या रंगाची साडी मोरपिशी म्हणून घेतो. आणि ज्याला झोडपायचं त्याची पिसं काढतो. एवढीशी वस्तू, आणि तिच्यावाचून आपलं कौतुकही होत नाही, भांडणही होत नाही. मी हे मंजीला सांगितलं तर ती म्हणाली, "म्याडम, तुमी उन्हात जाऊन बसा जरा."

दर थोड्या वेळाने मी कापडाखाली हात घालून एखादं पीस वाकवून बघत होते. आधी कडक. मग किंचित कमी कडक. गुरुवारी संध्याकाळी ते वाकलं आणि सोडल्यावर आपणहून सरळ झालं. मी ते मंजीच्या हातात दिलं. तिने वाकवलं, सोडलं, परत वाकवलं.

"जित्ता झाला," ती म्हणाली.

"तू उद्या नाक्यावर जाणार?"

"बोचका घेऊन जानार. गाडीत बसायचा का न्हाय ते तुमी सांगा." तिच्याकडे फोन नव्हता, तो नवऱ्यापाशी. पाड्यावर रेंज नाही. शेजारणीचा नंबर होता, पण शेजारीण आधीच भट्टीवर. आम्ही दोघी विचार करत राहिलो. मग तीच म्हणाली, "तुमी नाशिकवरून पडघ्यानंच येनार ना? पास झाला तं तुमच्या गाडीच्या आरशाला फूल बांधा. मी लांबून बघीन. न्हाय दिसला तं बसेन गाडीत."

शुक्रवारी पहाटेच निघालो. घाट चढताना मी ट्यूबांकडे वळून वळून बघत होते, जशा काही त्या मागून उतरून जाणार होत्या.

भालेराव सर हॉलमध्ये रॅकेट घेऊन तयार. टेस्ट साधी असते. कोर्टाच्या एका टोकाच्या रेषेवर उभं राहून खालून जोराचा फटका मारायचा. शटल समोरच्या टोकाच्या रेषेजवळ, ठरलेल्या पट्ट्यात पडलं पाहिजे. अलीकडे पडलं तर हलकं, पलीकडे गेलं तर जड, कारण जड शटल हवेला कमी जुमानतं.

पहिलं शटल पट्ट्याच्या पलीकडे पडलं. दुसरंही.

"जड झालीत मॅडम. काय केलंत तुम्ही? पाण्यात बुडवलीत?"

पाटील सरांचा तो लगदा डोळ्यांपुढे आला. पण पिसं मऊ होती, तुटत नव्हती. प्यायला बसली होती ती जरा जास्त प्यायली होती, एवढंच.

"सर, झाकणं काढून ठेवू द्या. थोडी हवा लागू द्या. तोवर चहा घेऊ."

"मला वेळ नाही."

"चहापुरताच वेळ, सर. साखर मी घालते."

ते हसले म्हणून मी वाचले. कोर्टाच्या कडेला ट्यूबा उघडून ठेवल्या आणि आम्ही पायरीवर बसून चहा प्यायलो. नाशिकची हवा कोरडी, तिने आपलं काम केलं. माझा चहा मात्र तसाच गार झाला. चहानंतर सर परत रेषेवर गेले. फटका मारला. शटल वर गेलं, दिव्यांच्या उजेडात क्षणभर थांबल्यासारखं वाटलं, आणि गरगरत पट्ट्याच्या बरोबर मध्ये उतरलं. सरांनी दुसरं मारलं. मग एका मुलीला समोर बोलावून स्मॅश मारायला लावले. ती मारत राहिली, मारत राहिली. मी कान लावून बसले होते. तो कट् असा आवाज काही आला नाही.

"ठेवून जा," भालेराव सर म्हणाले.

मी त्या मुलीने खेळलेलं शटल मागून घेतलं. टेम्पोच्या आरशाला ते दोऱ्याने बांधताना ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, ये क्या है? नजर न लगे इसलिए नजरबट्टू?"

"तेच समज. आणि जरा पळव."

हायवेवर ट्रकांची रांग होती. कधी नव्हे ते मी ट्रकांना शिव्या दिल्या. कसाऱ्याच्या घाटात एक कंटेनर बंद पडला होता, तिथे अडकलो. मी आरशाकडे बघत होते. फूल वाऱ्यावर गरगर फिरत होतं. मंजी गाडीत बसली असेल, निघालीही असेल, असं मन खात होतं. पिसासारख्या हलक्या वस्तूच्या भरवशावर आम्ही दोघींनी एवढी मोठी गोष्ट टाकली होती, हे तेव्हा पहिल्यांदा नीट लक्षात आलं.

पडघा नाक्यावर भट्टीचा टेम्पो उभा होता. आत माणसं, हंडे, गोधड्या, पाटीखाली झाकलेल्या कोंबड्या. इंजिन चालू. मुकादम ओरडत होता. मंजी मला दिसेना. मग दिसली. टेम्पोत नाही, खालीही नाही. मागच्या फळीवर एक पाय ठेवून, मान वळवून रस्त्याकडे बघत उभी होती. पोरगी आधीच आत, बोचक्यावर बसलेली.

आमची गाडी जवळ आली तशी तिने पाय खाली घेतला. मग पोरीला काखेत घेऊन उतरवलं आणि बोचकं ओढलं. बोचकं अडकलं तर आतल्या एका म्हाताऱ्याने ते ढकलून दिलं.

"ए, कुटं चालली?" मुकादम.

"ड्युटीवर," मंजी म्हणाली.

मी खाली उतरले. माझे डोळे भरून आले होते. तिचे नव्हते. ती आरशाजवळ गेली, फूल बोटाने थांबवून बघितलं.

"लांबूनच दिसला. पांढरा हाय ना." मग म्हणाली, "मंग सोमवारी नेहमीच्या टायमाला?"

"नेहमीच्या टायमाला."

टेबल चालू आहे. मंजीचा नवरा भट्टीवरून परत आला आणि आता आमच्याकडेच हमाली करतो. पिसांचा माल खालच्या रॅकवर आलाय आणि त्याखाली पाण्याने भरलेल्या बादल्या असतात. त्या भरल्यात की नाही ते स्वतः पाटील सर दुपारी बघून जातात. डब्याच्या पिशवीत मात्र त्यांची पांढरी पुडी अजून आहे. भाकरी कडक होते म्हणून ते वहिनींची पिसं काढतात. मी काही बोलत नाही. ते माझ्या क्वालिटीत येत नाही.

यातून मी शिकले ते एवढंच की एका मालाला वाचवणारा नियम दुसऱ्या मालाला मारू शकतो, तेव्हा नियम पाळण्याआधी तो कुठल्या मालासाठी केला होता ते विचारावं. बाकी त्या दिवशीचं फूल मंजीने आरशावरून सोडून घरी नेलं. ते तिने पाण्याच्या माठावर टांगलंय. परत तहान लागायला नको, म्हणते.